माइक जवळ आणा: घरच्या रेकॉर्डिंगविषयी प्रश्नोत्तरे

घर चिऱ्याचं, आतून सिमेंटचा गिलावा, खाली टाइल्स. लॅपटॉपवर शिकवणी घेते तर मुलं म्हणतात, ‘बाई, विहिरीतून बोलताय.’ चांगला माइक घेऊ का? (देवगड)

बाई, इतक्यात घेऊ नका. विहीर तुमच्या खोलीत आहे. टाइल्स आणि गुळगुळीत भिंती आवाज परत फेकतात. लॅपटॉप दोन हात लांब, त्यामुळे त्याला तुमचा शब्द आणि त्याचा घुमारा जवळजवळ सारखाच ऐकू येतो. माइकचं अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो, घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून आधी वायरचा साधा इयरफोन लावा, त्याचा माइक हनुवटीखाली येतो. मग पायाखाली सतरंजी घाला आणि पाठीमागे दोरीवर वाकळ टाका, भिंतीपासून वीतभर सुटी. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्यांनी घुमारा जात नाही. आवाज शोषायला जाड, मऊ वस्तूच लागते.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर उतरवायच्या आहेत. पडवीला पत्रा आहे, पाऊस सुरू झाला की काही ऐकू येत नाही. नंतर ॲपनं पाऊस काढता येईल का? (गुहागर)

आवाज सुखरूप ठेवून पुरता काढता येणार नाही. पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात खालपासून वरपर्यंत सगळे स्वर असतात. तो खरवडायला गेलात की आजीचा आवाजही खरवडला जातो. पाऊस उघडेपर्यंत थांबा आणि पडवी सोडून माजघरात बसा. पंखा, फ्रीज बंद करा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाका.

बहुतेक मोबाइलचा बोलण्याचा माइक खालच्या कडेला असतो, ती कड आजीकडे करा. तोंडापासून वीतभर, पण समोर धरू नका, जरा बाजूला धरा. तळहात तोंडासमोर धरून ‘फणस’, ‘भाकरी’ म्हणून बघा. हाताला लागणारी ती फुंकर माइकवर धप्पकन आदळते. ॲपमध्ये वेव्ह फाइल (WAV, यात आवाज दाबून लहान केलेला नसतो) आणि ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) निवडा. आवाज किती मोठा ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचू द्या. ती शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही.

माझा एक आग्रह आहे. आजीला खुर्चीवर बसवून ‘आता म्हण’ असं करू नका. हात जात्यावर असला की ओवी आपसूक येते. जात्याची घरघर त्या ओवीचाच भाग आहे, ती राहू द्या. शब्द नीट कळावेत म्हणून त्याच ओव्या नंतर जातं थांबवून पुन्हा म्हणवून घ्या. मूळ फाइलला हात लावू नका, तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा.

मुंबईतल्या चाकरमान्यांना झूमवर भजन ऐकवतो, पण पेटी मधेच गायब होते. (कुडाळ)

झूमचा गोंगाट दाबणारा भाग माणसाच्या बोलण्यासाठी केलेला आहे. पेटीचा लांबलेला स्वर त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो. ऑडिओच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा. मोबाइल बुवांजवळ ठेवा, पखवाज आणि झांज लांबूनही पोचतात. मुंबईकरांना माइक बंद ठेवायला सांगा. आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे दोन्हीकडून एकत्र म्हटलं तर ताल जुळत नाही.

ब्लूटूथवर गाणी छान वाजतात, कॉल लागला की आवाज घोगरा होतो. (रत्नागिरी)

हेडसेटचा माइक सुरू झाला की ब्लूटूथ कॉलसाठीच्या वेगळ्या पद्धतीवर जातं, आणि त्यात आवाज बहुधा सेकंदाला ८ किंवा १६ हजार नमुन्यांवर (८ किंवा १६ किलोहर्ट्झ) उतरतो. महत्त्वाच्या कॉलला वायरचा इयरफोन वापरा.

कंडेन्सर माइक पावसाळ्यात चरचरतो. (मालवण)

कंडेन्सर माइकमध्ये विजेचा भार असलेला पातळ पडदा असतो, तिथे ओल शिरली आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन-तीन दिवस ठेवा, उन्हात नको. पुढेही काम झालं की डब्यातच ठेवत जा, खारी हवा उघड्यावरच्या वस्तूला सोडत नाही. नवा घ्यायची वेळ आली तर डायनॅमिक घ्या. त्यात चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, दमट हवा तो बरीच सोसतो. फक्त तो तोंडापासून चार बोटांवर हवा.