नवा कंपायलर आणि 'फेल'चा अर्थ

प्रश्न : मी जीसीसी हा कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) मूळ सोर्सकोडपासून बांधला. त्याच्या चाचण्या घेणारी 'मेक -के चेक' ही आज्ञा चालवल्यावर काही चाचण्या 'फेल' दिसतात. तो वापरावा का? – एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : नुसता आकडा पाहून कंपायलर टाकून देऊ नका. 'एक्सफेल' म्हणजे आधीच ठाऊक असलेले अपयश, त्याची चिंता नको. 'फेल' मात्र अनपेक्षित असते, आणि तेही प्रत्येक वेळी कंपायलरच्याच चुकीने येते असे नाही, कारण स्टॅकची (चालू प्रोग्रामला मिळणाऱ्या तात्पुरत्या मेमरीची) मर्यादा अपुरी पडली किंवा यंत्र संथ असल्याने ठरलेली वेळ संपली तरी तीच नोंद होते. म्हणून सारांशावर न थांबता 'जीसीसी.लॉग' ही तपशीलवार नोंदींची फाइल उघडा आणि त्या चाचणीच्या नावाजवळ कंपायलरने काय सांगितले आहे ते शब्दन्‌शब्द वाचा. तेथे 'इंटर्नल कंपायलर एरर' (म्हणजे कंपायलर स्वतःच आतून कोलमडला) असे आढळले, तर प्रकरण गंभीर आहे.

चाचण्यांचा संपूर्ण संच चालायला तासन्‌तास लागतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात मध्येच वीज गेली की सारे श्रम वाया जातात (याचा मला फार त्रास झाला आहे). तेव्हा बांधणीच्या 'जीसीसी' उपफोल्डरात जाऊन 'मेक चेक-सी'ने आधी सी भाषेच्याच चाचण्या घ्याव्यात. त्याच आवृत्तीचे, तुमच्यासारख्याच प्रोसेसरवरचे निकाल इतरांनी जीसीसी प्रकल्पाकडे पाठवलेले असतात, त्यांच्याशी आपली यादी ताडून पाहा.