सोसायटीत आठ कॅमेरे असूनही फुटेजमध्ये गाडीचा नंबर का दिसत नाही?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडच्या तुमच्या सोसायटीतून दुचाकी चोरीला गेली. कॅमेरे ४ मेगापिक्सेलचे, तरी गेटवरच्या फुटेजमध्ये नंबर वाचता येत नाही आणि आठवड्यामागचं रेकॉर्डिंगच सापडत नाही. आता कुणीतरी ८ मेगापिक्सेलचे कॅमेरे गळ्यात मारेल. थांबा, आधी लेन्स बघा.

तुमच्या कॅमेऱ्यात बहुधा असलेली २.८ मिमीची लेन्स १० मीटरवर सुमारे २४ मीटर रुंदीचा पट्टा दाखवते. चित्रात आडवे पिक्सेल २५६०, म्हणजे मीटरला १०७. दुचाकीची मागची नंबरपाटी २० सेंटिमीटर रुंद, तिच्या वाट्याला २१ पिक्सेल. त्यात एका ओळीतली चार-सहा अक्षरं कशी उमटणार? त्याच जागी १२ मिमीची लेन्स असेल तर पट्टा साडेचार मीटरचा होतो आणि पाटीला शंभराहून जास्त पिक्सेल मिळतात. मात्र मग गेटाबाहेरचं काही दिसत नाही. म्हणून गेटवर दोन कॅमेरे हवेत, एक परिसरासाठी, एक निव्वळ पाटीसाठी.

पाटीचा कॅमेरा बारा फुटांवर टांगू नका. दीड-दोन मीटर उंची पुरे, कोन ३० अंशांच्या आत. रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) उजेड पाटीवरून थेट परततो आणि पाटी पांढरीफटक पडते, म्हणून शटर ऑटोवर न ठेवता १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. बाकीचं चित्र काळंकुट्ट दिसेल. चेअरमन कुरकुरतील, कुरकुरू द्या.

रेकॉर्डिंगचा हिशेब सोपा आहे. २ एमबीपीएसवर (सेकंदाला दोन मेगाबिट) एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो, आठ मिळून १७३. १ टीबीची डिस्क सहा दिवसांत भरते आणि जुनं पुसत जाते. महिनाभर हवं तर ६ टीबी लागेल, तीही सर्व्हेलन्सची, म्हणजे सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेली. साधी डिस्क चोवीस तासांच्या लिखाणाला टिकत नाही.

यूपीएसवर फक्त एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) ठेवतात आणि पीओई स्विच (केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) विसरतात. वीज गेली की एनव्हीआर चालू, कॅमेरे बंद!

पुढच्या वेळी फुटेज काढताना आधी एनव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून फरक लिहून ठेवा. स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग करू नका, मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात (फुटेज पुरावा म्हणून देताना लागतं ते) फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, द्यावी लागते, ती त्याच वेळी काढून घ्या.