घटक वेगवेगळे बरोबर, जोडले की अडकतात: गणिती मॉडेलचा उपयोग तिथेच

घटक जोडून सॉफ्टवेअर बनवताना गणिती मॉडेलचा खरंच उपयोग होतो, की ते परीक्षेपुरतंच, असं तुम्ही विचारलंय. होतो. मला तो सांगलीच्या मार्केट यार्डात पटला.

एका आडत दुकानासाठी आम्ही हळदीच्या सौद्यांचं सॉफ्टवेअर केलं होतं. घटक तीन: वजन, सौदा आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती. प्रत्येकाची चाचणी वेगवेगळी घेतली, सगळ्या पास. हंगामात आवक वाढली आणि दिवसातून दोन-तीनदा सगळं जागच्या जागी थांबायला लागलं. बंद करून सुरू केलं की पुन्हा ठीक. पट्टीसाठी शेतकरी दारात ताटकळत उभे, आणि आम्ही कोड ओळ न् ओळ वाचतोय. चूक सापडेना.

शेवटी कागद घेतला. आतला कोड बाजूला ठेवून, प्रत्येक घटक बाहेर काय मागतो, काय देतो आणि कुठे थांबतो, एवढंच गोल आणि बाणांनी काढलं: गोल म्हणजे घटकाची एक अवस्था, बाण म्हणजे तिथून पुढची पायरी. गणिती मॉडेल म्हणजे हेच. वजनाच्या ४ अवस्था, सौद्याच्या ५, म्हणजे जोडीच्या २०. त्यातल्या एकीतून बाहेर जाणारा एकही बाण नव्हता! काटा स्थिरावला की वजनाचा घटक सौद्याकडे लॉट नंबर मागून थांबायचा. भाव ठरला की सौद्याचा घटक वजन मागून थांबायचा. लॉट वेगळे असले तरी दोन्ही मागण्या एकाच वेळी निघाल्या की दोघेही कायमचे अडकले. हाच डेडलॉक. गर्दी नसताना तो योग क्वचितच यायचा, म्हणून चाचणीत दिसला नाही. लॉट नंबर माल उतरतानाच द्यायला लागलो, वजनाच्या घटकाला मागायचं कारणच उरलं नाही. चित्र पुन्हा काढलं, ती अवस्था गेलेली होती.

म्हणून घटकांच्या विश्वासार्हतेचा नुसता गुणाकार मला पुरेसा वाटत नाही. प्रत्येकी ९९ टक्क्यांचे १० घटक एकापाठोपाठ असले तर सगळ्यांची मिळून सुमारे ९० टक्के, हे गणित बरोबर आहे. पण त्यात घटक एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडतात असं धरलेलं असतं. आमचे दोन्ही घटक बिघडले नव्हतेच.

दुसरी गोष्ट कराराची: घटक कोणत्या अटीवर काय देणार, हे लिहून ठेवणं. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. एरियान ४ मधला दिशादर्शनाचा घटक त्यात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, त्यामुळे त्यावर अवलंबून असलेला एक ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. तिथे कमाल ३२,७६७. जुन्या रॉकेटवर ती मर्यादा कधी ओलांडली जात नव्हती. ती अट घटकाच्या कपाळावर लिहिलेली हवी होती.

कागदाची मर्यादाही सांगतो. १० घटक, प्रत्येकी १० अवस्था, की जोडण्या १,००० कोटी. तिथे सगळ्या अवस्था संगणकाकडून तपासून घेणारं, स्पिन किंवा टीएलए प्लससारखं साधन लागतं, आणि तेही थकू नये म्हणून मॉडेल मुद्दाम लहान ठेवावं लागतं. समांतर चालणारी कामं दाखवायला पेट्री नेट ही चित्रपद्धत सोपी. कार्ल अ‍ॅडम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून ती आली. इंटरफेस ऑटोमेटा, म्हणजे घटक बाहेर काय मागतो आणि काय देतो याचं अवस्था-बाणांचं मॉडेल, मात्र आधी वाचा. डी अल्फारो आणि हेन्झिंगर यांनी २००१ मध्ये मांडलेली ही कल्पना थेट तुमच्या प्रश्नाला भिडते: दोन घटक एकत्र नांदू शकतील असा एखादा तरी भोवताल आहे का?

तुमच्या प्रकल्पात एकमेकांना उलटसुलट हाक मारणारे दोन घटक असतील, तर आज त्या दोघांचंच चित्र काढा.