‘बॉर्डरलाइन’ रिपोर्ट आलाय, आता मूल होईल का?

तुम्ही लिहिलंय की वय 29, डाव्या अंडाशयातली गाठ दुर्बिणीतून काढली, बायोप्सीत ‘सीरस बॉर्डरलाइन ट्यूमर’ आलं. घरचे म्हणतात पिशवीसकट सगळं काढून मोकळी हो, आणि तुम्हाला मूल हवंय.

मी फोंड्याची. 31 व्या वर्षी माझंही हेच झालं, फक्त बाजू उजवी. माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. म्हणून आधी एवढंच सांगते, दुसऱ्या ऑपरेशनची तारीख इतक्यात घेऊ नका.

या गाठीतल्या पेशी साध्या गाठीपेक्षा जास्त वाढतात, पण कॅन्सरसारख्या आजूबाजूच्या ऊतीत घुसत नाहीत. गाठ अंडाशयापुरतीच असेल तर पाच वर्षांनी 95 टक्क्यांहून जास्त बायका हयात असतात. केमोचा यात सहसा उपयोगच नसतो. आणि हा आजार होणाऱ्या बायकांत साधारण एक तृतीयांश चाळिशीच्या आतल्या असतात, त्यामुळे गर्भाशय आणि चांगलं अंडाशय राखून ऑपरेशन करणं ही मान्य पद्धत आहे. डॉक्टर तुमच्या हट्टासाठी ते करत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्लाइड. सोनोग्राफी आणि सीए-125 या रक्ततपासणीवरून हे निदान पक्कं होत नाही, ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा गोठवून तपासतात, त्या फ्रोझन सेक्शनचा निकालही कधी कधी बदलतो. म्हणून नुसता रिपोर्टचा कागद नको, हॉस्पिटलकडून स्लाइड (गाठीचे काचेवरचे पातळ काप) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या आणि बायकांचे कॅन्सर रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. मी ते प्लास्टिकच्या डबीत घालून कोकणकन्येने मुंबईला टाटात नेले होते. रात्रभर डबी उशाशी होती, झोप कसली लागते! तिथे विचारायचं ते असं: पोटाच्या आवरणावर इम्प्लांट, म्हणजे या गाठीच्या पेशींचे पसरलेले ठिपके, आहेत का, असले तर घुसणारे की न घुसणारे, आणि गाठ काढताना फुटली होती का. पुढचं सगळं या उत्तरांवर ठरतं.

तुमची फक्त गाठ काढली की पूर्ण अंडाशय, तेही बघा. फक्त गाठ काढली तर ती परत येण्याची शक्यता जास्त असते, पण बीजं जास्त वाचतात. परत आली तरी बहुतेक वेळा ती बॉर्डरलाइनच असते आणि काढता येते. माझ्या उजव्या बाजूला चांगला भाग उरलाच नव्हता, म्हणून नळीसह सगळं काढलं. पाळी मात्र नियमित येत राहिली, उरलेलं एक अंडाशय काम सांभाळतं.

घरच्यांचं म्हणाल तर, माझ्या सासूबाईही ‘सगळं काढा’ म्हणत होत्या. सून हाताची जाईल या भीतीनेच. त्यांना मी डॉक्टरांच्या खोलीत बरोबर नेलं, त्यांनी स्वतः चार प्रश्न विचारले. मग आमच्या गोव्याच्या रीतीने देवीला प्रसाद लावला, म्हणजे कौल घेतला, तो उजवा, म्हणजे अनुकूल झाला, आणि त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

मुलासाठी प्रयत्न करताना नवऱ्याचं वीर्य आधी तपासून घ्या. आपल्याकडे ते शेवटी होतं, तोवर बाईचे महिने वाया जातात. रक्तातलं एएमएच हे हार्मोन कमी आलं तरी खचू नका. त्यावरून बीजांचा साठा कळतो, निसर्गतः दिवस राहणार की नाही ते कळत नाही. दुसरं ऑपरेशन खरंच लागणार असेल तर त्याआधी बीजं गोठवण्याबद्दल विचारा, आणि त्या वेळी लेट्रोझोलची गोळी देऊन शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी ठेवता येईल का तेही. कॅन्सरचे डॉक्टर आणि वंध्यत्वाचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. माझ्या बाबतीत मीच फाइल घेऊन या दारातून त्या दारात फिरले. आयव्हीएफपर्यंत वेळ आली तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ती 2023 पासून मोफत आहे, चौकशी करा.

मला ऑपरेशननंतर 14 महिन्यांनी दिवस राहिले, औषधाशिवाय. गरोदरपणाच्या प्रत्येक सोनोग्राफीत डावं अंडाशयही बघून घेतलं. ही गाठ कित्येक वर्षांनीही परत येऊ शकते, त्यामुळे तपासणी मी सोडलेली नाही. मुलगी झाल्यावर ‘आता उरलेलं काढायचं का’ असं डॉक्टरांनी विचारलं होतं. दुसऱ्या मुलाची आशा आहे, म्हणून मी थांबले आहे. पुढची सोनोग्राफी गणपतीची चवथ झाल्यावर.