लाइन आली की रिसीव्हर बंद का पडतो?

प्रश्न : घरी टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर वाजवणारा) रिसीव्हर आहे. तीन रिमोट आईला जमेनात, म्हणून जुन्या रिमोटवरून शिकणारा युनिव्हर्सल रिमोट आणला आणि तिन्ही एका बटणावर बसवले. आठ दिवस झकास चाललं. आता लाइन जाऊन आली की त्याच बटणानं टीव्ही सुरू होतो अन् रिसीव्हर बंद पडतो. आई म्हणते, "काहून आणलं हे?" रिमोट खराब असेल का?
– एक शिक्षक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : गुरुजी, रिमोट चांगला आहे. माझ्याही घरी हेच झालं होतं, तेव्हा उंदरानं वायर कुरतडली समजून मी अख्खा रिसीव्हर खोलून बसलो होतो. निघाली फक्त धूळ.

खोड रिसीव्हरच्या मूळ रिमोटवरून शिकलेल्या लाल (चालू-बंदच्या) बटणात आहे. ते 'चालू हो' म्हणत नाही, 'आहेस त्याच्या उलट हो' म्हणतं. लाइन आल्यावर तुमचा टीव्ही झोपलेलाच राहतो, रिसीव्हर मात्र आधी चालू होता म्हणून आपोआप चालू होतो. मग एकाच बटणानं एक उठतो, दुसरा झोपतो. उन्हाळ्यात संध्याकाळी तीनदा लाइन गेली तर विचारूच नका.

चालू आणि बंद यांचे वेगळे कोड (रिमोटनं पाठवायचे इशारे) लागतात. मूळ रिमोटवर एकच बटण असेल तर ते त्यावरून शिकवता येणार नाहीत, पण युनिव्हर्सल रिमोटच्या स्वतःच्या कोड-यादीत रिसीव्हरच्या कंपनीखाली बरेचदा सापडतात. पारख सोपी : 'चालू' दाबा, रिसीव्हर पूर्ण सुरू झाला की पुन्हा एकदा दाबा. दुसऱ्यांदाही रिसीव्हर चालूच राहिला, तर कोड बरोबर. नाहीच मिळाला, तर त्या बटणातून रिसीव्हर काढून टाका आणि टीव्ही व रिसीव्हर दोन्हींच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआय केबलमधूनच एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) सुरू करा. टीव्ही उठला की तोच त्याला उठवील. सीईसी सुरू केल्यावर रिसीव्हरची ती 'उलट हो'ची आज्ञा बटणात राहू देऊ नका, पुन्हा तोच घोळ होईल. सेट-टॉप बॉक्स रिमोटनं बंदच करू नका.

बटणात इनपुट बदलायची आज्ञाही असेल, तर तिच्याआधी पाच-सहा सेकंदांची उसंत टाका. आतला रिले (विजेवर चालणारा स्विच) 'टक्' वाजेपर्यंत रिसीव्हर कोणाचं ऐकत नाही.

आणि आईंना सांगा, बटण दाबल्या दाबल्या रिमोट दिवाणावर टाकायचा नाही. सगळं सुरू होईपर्यंत तो टीव्हीकडेच धरायचा. निम्म्या आज्ञा गादीत जातात.