'नेहमीसारखंच छान'चं काय करायचं?

ताई,
मी ४४ वर्षांची. घरात चार माणसं, दोन्ही वेळचा स्वयंपाक माझ्याकडे. रविवारी हौसेने केक नाहीतर ब्रेड करते. कॉलेजात असताना लिहायचे. आता वही उघडते आणि तशीच मिटते. परवा जेवताना नवऱ्याला विचारलं, "कसं झालंय?" म्हणाला, "नेहमीसारखंच छान." चांगल्या मनाने म्हणाला, पण मी रात्रभर तो एकच शब्द चघळत बसले. नेहमीसारखं. सगळं रेसिपी बघून करते, मग त्यात माझं असं काय? मध्यंतरी कांदा करपला आणि वास पडद्यांत तीन दिवस राहिला, तेव्हा उगाच बरं वाटलं, की चला, घरात काहीतरी वेगळं घडलं. गेल्या रविवारी केकही मधोमध बसला. माझ्यात सर्जनशीलता मुळात नाहीच का?
– नेहमीसारखी

प्रिय 'नेहमीसारखी',

आधी हिशेब करू. दोन्ही वेळचा स्वयंपाक म्हणजे आठवड्याला १४ वेळा. एवढ्या वेळा एकच काम करणाऱ्या माणसाने दर वेळी त्यात नवं काही शोधावं, ही अपेक्षा तुमच्याकडून कोणी केली? कोणी केली असेल तर तिला खुशाल नाही म्हणा. 'रोजच्या कामात आनंद शोधा' असं सांगणाऱ्यांचा मला जरा रागच येतो. काम ज्याच्या गळ्यात, आनंद शोधायचं कामही त्याच्याच गळ्यात. त्या १४ पैकी १२ वेळा स्वयंपाक हे नुसतं काम असू दे. वेळेवर, पोटभर, चवीला बरं, एवढं पुरे. उरलेल्या दोन वेळा ओटा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात द्या. यजमानांचं मन चांगलं आहे असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा हातही चांगलेच असतील. त्यांनी काय केलं आणि कसं केलं यात लक्ष घालू नका. मीठ जास्त पडलं तर पडू दे.

ही गोष्ट मी सगळ्यात आधी सांगतेय, कारण दमलेल्या माणसाला आपल्यात काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं. कमी असते ती झोप.

आता रेसिपीचं. रेसिपी बघून केलं की त्यात आपलं काही नाही, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. कांद्याचंच घ्या, करपलेल्या नव्हे, नीट परतलेल्या. रेसिपीत लिहिलेलं असतं, 'कांदा सोनेरी होईपर्यंत परता, १० मिनिटं.' हे १० मिनिटांचं थापाड्यांनी लिहून ठेवलंय. कांद्यात जवळजवळ ९० टक्के पाणी. ते आहे तोवर भांड्यातलं तापमान १००च्या आसपासच राहतं, आणि तांबूस रंग व खमंग वास देणारी प्रक्रिया साधारण १४० अंशांनंतर जोर धरते. १९१२ साली मेयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती मांडली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. म्हणजे पहिली पंधरा-वीस मिनिटं तुम्ही नुसतं पाणी हाकलत असता. कांदा मऊ पडतो, पांढुरका होतो, फसफसण्याचा आवाज हळूहळू चरचरण्याकडे जातो. तो आवाज बदलला की गॅस कमी करायचा. हे तुम्ही इतकी वर्षं न बघता करताय, पाठमोरं उभं राहून, दुसऱ्या हाताने डबा भरत. कुठल्या रेसिपीत लिहिलंय, कान द्या म्हणून?

मानसशास्त्रात यावर काम झालेलं आहे. कॉफमन आणि बेगेटो या दोघांनी २००९ मध्ये सर्जनशीलतेच्या चार पायऱ्या मांडल्या. सगळ्यात वर जग बदलणारी प्रतिभा, तिच्याखाली व्यावसायिकांची, तिच्याखाली तुमच्याआमच्या हौसेची. आणि अगदी तळाशी त्यांनी एक छोटी पायरी ठेवली: स्वतःला नव्याने काहीतरी उमगणं, मग ते जगाला आधीच माहीत असलं तरी चालेल. तुमची पंचाईत अशी की तुम्ही वरून मोजायला सुरुवात केलीत. तळाच्या पायरीवर उभ्या आहात आणि मान उंच करून म्हणताय, इथे काहीच नाही.

बसलेल्या केकबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, मला मात्र तिथेच सगळ्यात जास्त रस आहे. केक मधोमध बसायची कारणं मोजकीच असतात. बेकिंग पावडर जास्त झाली आणि केक स्वतःला पेलवेल त्याहून भराभर फुगला. आतून कच्चा असतानाच बाहेर काढला. राहवलं नाही म्हणून ओव्हनचा दरवाजा लवकर उघडला. किंवा ओव्हन खोटं बोलतोय, बटणावर १८० आणि आत भलतंच. यातलं तुमचं कारण कोणतं? माहीत नाही ना? मग पुढचे चार रविवार नवीन रेसिपी शोधू नका. तोच केक चार वेळा करा आणि दर वेळी एकच गोष्ट बदला. एका वेळी एकच, दोन बदलल्यात तर कशाने काय झालं ते कळणार नाही. घरचे कंटाळतील. कंटाळू दे, केकच खातायत.

ब्रेडचंही तसंच. बेकरीवाले रेसिपी पाठ करत नाहीत, ते प्रमाण पाठ करतात. मैदा १०० धरायचा आणि बाकी सगळं त्याच्या हिशेबात: पाणी ६५, मीठ २, इन्स्टंट यीस्ट १. म्हणजे ५०० ग्रॅम मैद्याला ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम यीस्ट. एकदा हे डोक्यात बसलं की हात मोकळा होतो. पाणी ७५ करून बघा. पीठ हाताला धरेल, तुम्ही वैतागाल, पण आतली जाळी मोठी आणि ओलसर येईल. ती आवडते की घट्ट ब्रेडच बरा वाटतो, हे ठरवणाऱ्या तुम्ही. तुम्ही विचारलंत ना, त्यात माझं काय? हे.

आता वही. माझी एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी मी ब्रेडमध्ये मीठच घालायला विसरले. एवढी चिडले की हात न धुता जवळच्या कागदावर खरडलं: 'मीठ विसरले. पीठ भसाभस फुगलं, मळताना ढिलं ढिलं लागत होतं. वरचा रंग आजारी माणसासारखा. चव ओल्या पुठ्ठ्याची.' नंतर कळलं की मीठ यीस्टला आवर घालतं आणि पिठाला ताठपणा देतं, आणि ते नसलं की यीस्ट साखर खाऊन टाकतं, म्हणून रंग चढत नाही. पण तो कागद मी अजून ठेवलाय. त्याआधी कित्येक महिने मी 'लिहायला' बसत होते आणि एक वाक्य जमत नव्हतं, आणि इथे चार ओळी विनासायास आल्या, कारण मला लिहायचं नव्हतं, नोंदवायचं होतं.

तेव्हा कॉलेजातली वही कपाटात राहू दे. तिच्यात तुम्ही वीस वर्षांच्या आहात, तिच्याशी स्पर्धा कशाला? एक स्वस्तातली, डाग पडले तरी चालतील अशी वही ओट्यावर ठेवा. केक आत गेला की साधारण ३५-४० मिनिटं मिळतात. भांडी घासायला घेऊ नका. बसा आणि तीन-चार ओळी लिहा: आज काय बदललं, काय दिसलं, कसला वास आला, कोण काय म्हणालं. नियम एकच, या वहीत 'छान' हा शब्द लिहायचा नाही. 'मस्त' आणि 'अप्रतिम'सुद्धा नाही. ते सुचले की थांबायचं आणि विचारायचं, म्हणजे नेमकं काय? हाच प्रश्न जेवताना यजमानांनाही विचारा. बिचारे गडबडतील, पण एखाद्या दिवशी म्हणतील, 'आज कांदा जरा गोडसर लागतोय.' तुमच्या 'नेहमीसारखं'वर माझ्याकडे याहून चांगला उतारा नाही.

आणि हो, पडद्यांतल्या वासाचं ते वाक्य तुमच्या पत्रात मी दोनदा वाचलं. करपलेल्या कांद्याने 'उगाच बरं वाटलं' म्हणणारी बाई पुढे काय करते, ते मला वाचायचंय. तिथूनच सुरुवात करा, हवं तर ती तुम्ही नाही असं समजून.

बाकी ओव्हनमध्ये ठेवायचा एक साधा तापमापक घ्या, आणि या रविवारी पहिली २५ मिनिटं दरवाजाला हात लावू नका.

– ताई