सीइंगचा आकडा कोणत्या उंचीवरचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अंटार्क्टिकात वेधशाळेसाठी जागा पारखणाऱ्या स्वयंचलित उपकरणांबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. काहींची उत्तरे एकत्रच देतो. सीइंग म्हणजे हवेच्या खळबळीमुळे ताऱ्याची प्रतिमा किती पसरते त्याचे माप; ते आर्कसेकंदात (अंशाचा ३६००वा भाग) सांगतात, आणि आकडा जितका लहान तितकी जागा चांगली.

प्रश्न : दृश्य प्रकाशातल्या वेधांसाठी दक्षिण ध्रुवच सर्वोत्तम ना?

उत्तर : नाही. तिथला जमिनीलगतच्या हवेतल्या खळबळीचा थर दोन-तीनशे मीटर जाड आहे.

प्रश्न : मग भारताच्या मैत्री किंवा भारती तळावर चाचणी का घेत नाहीत?

उत्तर : दोन्ही तळ कमी उंचीवर, किनारी भागात आहेत. पठारावरून घसरत येणारा वारा आणि हिमवादळे तिथे नेहमीची. तरी काही बेत असेलच, तर गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राशी आधी बोला.

प्रश्न : अंटार्क्टिकाच्या उंच पठारावरच्या डोम सी इथले सीइंग ०.२७ आर्कसेकंद आहे म्हणतात. तरीही चिलीत दुर्बिणी का बांधतात?

उत्तर : हा आकडा तोंडातोंडी फिरतो, आणि फिरता फिरता त्याची उंची गळून पडते. २००४ साली न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या 'आस्टिनो' या निर्मनुष्य प्रयोगशाळेने तो मोजला. तिच्यातले एक उपकरण ताऱ्याची लुकलुक मोजत होते. दुसरे, सोडार, आकाशात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकत होते. सोडारला पहिले ३० मीटर दिसतच नाहीत. म्हणजे ०.२७ हे त्या ३० मीटरच्या वरचे सीइंग. पुढच्याच हिवाळ्यात डोम सीवरच्या काँकॉर्डिया तळावर माणसे राहिली आणि त्यांनी खळबळ मोजणारे फुगे सोडले. एकूण खळबळीपैकी ८७ टक्के तळच्या ३६ मीटरमध्येच निघाली! साडेआठ मीटरच्या मनोऱ्यावर सीइंगचा मध्यक होता १.३ आर्कसेकंद. बर्फ उष्णता आकाशात टाकून गारठतो, वरची हवा त्यामानाने उबदार राहते; वाऱ्याने या दोन हवा मिसळल्या की तापल्या डांबरी रस्त्यावर समोरची गाडी थरथरते तशी ताऱ्याची प्रतिमा थरथरते. त्याच पठारावरच्या डोम ए इथे २०१९ मध्ये आठ मीटरवरच्या, सीइंग मोजणाऱ्या स्वयंचलित डिम उपकरणाने अनुकूल वेळी ०.३१ नोंदवले, कारण तिथला थर जेमतेम १४ मीटरचा. कोणी आकडा सांगितला की उंची विचारा. मनोरा किती मीटरचा हवा, हे मात्र त्या जागेचा थर मोजणाऱ्यांना विचारूनच ठरवा.

प्रश्न : उपकरणाच्या काचेवर हिमकण बसले तर पुसणार कोण?

उत्तर : कोणी नाही. काचेला विजेने तापणारा पारदर्शक लेप देतात. पण ती जास्त तापली तर तिच्यावरचीच हवा हलते आणि मोजमाप बिघडते. वीज किती द्यायची ते हिवाळा काढून आलेल्या अभियंत्याला विचारा.

प्रश्न : मोटरच्या पत्रकात 'उणे ४० अंश' लिहिले आहे. घेऊ का?

उत्तर : चालतानाचे तापमान की गोदामातले? विक्रेते नेमके हेच बारीक अक्षरात छापतात. डोम सी इथे हिवाळ्यात उणे ६० रोजचेच. साधे ग्रीस घट्ट होते, केबलचे पीव्हीसी वेष्टण तडकते. शीतकक्षातल्या चाचणीची नोंद मागा. देत नसतील तर दुसरा विक्रेता पाहा.

प्रश्न : उपकरण आधी पाठवून सॉफ्टवेअर नंतर उपग्रहावरून टाकले तर?

उत्तर : असे करू नका. इरिडियम उपग्रहांच्या जोडणीवरून जेमतेम थोडीच माहिती जाते. डोम ए इथल्या 'प्लेटो' या स्वयंचलित वेधशाळेचा मोठा डेटासुद्धा डिस्कवर साठून पुढच्या उन्हाळ्यातल्या मोहिमेची वाट पाहत असे. डोम सीवर माणसे आणि माल साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच पोहोचतो. चाचणी पाठवण्याआधी इथेच पूर्ण करा, आणि पेटी बंद करण्याआधी तळाच्या तांत्रिक प्रमुखाला यादी दाखवा.